पानांआडची खिडकी

हवेत गारवा आला, खिडकीसमोरचं झाड पिवळं पडलं, आणि सासरे खिडकीपुढे खुर्ची ओढून बसू लागले. गुडघ्यांनी जिन्याशी वैर धरल्यापासून खिडकी हेच त्यांचं फिरणं. चहा निवून जाई, पण नजर फांद्यांवरून हलत नसे.

"आज बरीच गळली का गं?" ते रोज विचारत.

सुनेच्या काळजात चर्र होई. या वयात गळणारी पानं बघताना माणसाच्या मनात काय येतं, ते का तिला कळत नव्हतं? म्हणून ते उठायच्या आत ती गॅलरीतली पानं झाडून टाकी. "कुठे हो बाबा, झाड अजून चांगलं भरलेलं आहे," असं म्हणे. तरी त्यांचा चेहरा उतरायचाच.

एका पहाटे वाऱ्यानं झाड पार रिकामं केलं. ती लगबगीनं पडदा ओढायला आली, तर सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बसलेले. मोकळ्या फांद्यांमधून कोवळं ऊन आत आलं होतं आणि समोरच्या इमारतीतली एक खिडकी स्वच्छ दिसत होती. तिथे पांढऱ्या केसांच्या एक बाई हसून चहाचा कप उंचावत होत्या.

सासऱ्यांनी आपला कप उचलला.

"लोक वसंत ऋतूचं एवढं काय कौतुक करतात," ते म्हणाले, "देव जाणे."