चेहरा झाकून

"पाठ बघा, पाठ," मास्तर छडीने दाखवत म्हणाले. "चेहऱ्याचं काय घेऊन बसलात, तो खोटं बोलायलाच शिकलेला असतो."

मास्तरांच्या संध्याकाळच्या चित्रवर्गाचा एक नियम होता. मॉडेल पडद्याआडूनच डोक्यावर कापडी पिशवी चढवून यायची. नाव कुणी विचारायचं नाही, तिने बोलायचं नाही. नुसत्या अंगावरून भावना ओळखायची आणि मग कागदावर उतरवायची. आज नेहमीची बाई आली नव्हती, तिच्याऐवजी दुसरीच कोणी उभी होती. बिनबाह्यांचा झगा, उजव्या हातात हातोडी. पोझसाठी लागेल ते मॉडेलनेच आणायचं, हीही इथली पद्धत.

मास्तरांचं चित्त मात्र थाऱ्यावर नव्हतं. सकाळी लेक फुटका ओठ घेऊन दारात उभी राहिली होती. वर्षातली ही चौथी खेप. "बाबा, माझे दंड तरी बघा," म्हणत होती. मास्तरांनी पाहिले नाहीत. "भांड्याला भांडं लागतंच. ओठ फुटला म्हणून काही संसार फुटत नाही," असं समजावून त्यांनी तिला स्वतः परतीच्या बसमध्ये बसवून दिलं. जावयाने आज पुन्हा हात उचलला तर?

"सर, भीती," पुढची मुलगी म्हणाली. "अंगावर किती काळेनिळे डाग आहेत."

"डाग जुने आहेत, कडेने पिवळे पडलेत." मास्तर रंगात आले, घरचं विसरले. "मार खाल्लाय, बख्खळ खाल्लाय. पण घाबरलेलं अंग आत ओढलं जातं. हिची मान बघा कशी ताठ आहे. मनगट सुजलंय, बोटांची सालटं निघालीत. हे मार खाऊन होत नाही. हिने आज कुणाला तरी मारलंय. एकदा नाही, हात भरून येईपर्यंत."

"सर आता त्याचा पत्ताही सांगतील," मागून कुणीतरी पुटपुटलं. दोघं-तिघं हसले.

"हसा. पण तो पुन्हा उठायचा नाही, एवढं मी लिहून देतो."

"म्हणजे हिचा राग निवला, सर?" पुढच्या मुलीने विचारलं.

मास्तर मॉडेलच्या हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले.

"इथेच तुम्ही फसता. सगळा भार पुढच्या पायावर आहे, मागची टाच उचललेली. मूठ बघा, हातोडीवर बोटं पांढरी पडलीत. काम उरकलेला माणूस अवजार खाली ठेवतो. हिचा अजून एक जण राहिलाय. आणि तो हिच्या अगदी समोर उभा आहे."

मॉडेलने डाव्या हाताने पिशवी काढली.

"बरोबर ओळखलंत, बाबा," ती म्हणाली.