पडद्यावरची हाक

राजेश्वर गावातल्या झेरॉक्स दुकानात सून लग्नपत्रिका जुळवायची, सासू शेजारी स्टुलावर बसायची. दुकान थाटणारा सुगत मागच्या उन्हाळ्यात अपघातात गेला होता. कॉम्प्युटरवर मात्र अजून घडीघडी इशारा यायचा: ‘सुगत, तुमचे सॉफ्टवेअर विनापरवाना आहे.’ सासूला वाचता येत नव्हतं, पण दुकानाच्या पाटीवरचं लेकाचं नाव तेवढं ती ओळखायची. तेच नाव पडद्यावर उमटलं, की दारात कुणी त्याला हाका मारत आल्यासारखं ती सांगायची, “न्हाई बाबा त्यो आता.” सून इशारा मिटवायची. शेवटी तिला ते ऐकवेना. तिनं परवाना विकत घेतला, स्वतःच्या नावानं. त्या दिवशी दुपार कलली तरी इशारा आला नाही. “आज ह्यो हाक कामून मारंना गं?” सासूनं विचारलं. “आता न्हाई मारायचा, आत्या.” म्हातारीनं पदरानं पडदा पुसला. “म्हंजी, त्यालाबी कळलं व्हय?”