दुधाबरोबर गोळी

चिंचोळकर सरांचे पाय स्वयंपाकघराच्या दारात जमिनीला चिकटले, ते सुटेचनात. हातातला कागद थरथरत होता. गोळ्यांच्या खोक्यातली ती माहितीपत्रिका. तीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं आणि स्वतःच्या औषधाचा कागद दोन महिन्यांनी उघडला, म्हणून ते मघापासून स्वतःवरच चरफडत होते.

कंपवातात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन आटतं आणि अंग सांगितलेलं ऐकत नाही. गोळीतलं औषध मेंदूत पोचून त्याची भरपाई करतं. पण दुधातली प्रथिनंही त्याच वाटेने आत घुसतात आणि औषध मागेच राहतं. बायको मात्र रोज ग्लासभर दुधाबरोबरच गोळी द्यायची. पाण्याबरोबर गोळी गरम पडते, असं तिच्या माहेरी पक्कं ठरलेलं होतं.

"पाण्याबरोबर दे." एवढंच तर सांगायचं होतं. मनात ते शब्द खणखणीत उमटले, पण ओठ हलेनात.

"अहो, असे काय उभे राहिलात?" ती लगबगीने आली. त्यांच्या बोटांतला कागद तिने सोडवून घेतला, घडी घातली आणि गरम पातेल्याखाली सरकवला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्यावर राग नव्हता, नकार नव्हता, काहीच नव्हतं.

"गुणच येत नाही मेला! आजपासून दोन ग्लास दूध घ्यायचं."

गोळी जिभेवर ठेवून, फुंकर घालून तिने ग्लास त्यांच्या ओठांना लावला.

गिळणं तेवढं सरांना अजून जमत होतं.