झडती

पळसदरीच्या पुढचं पडकं शिवमंदिर बघायचं, हा हट्ट माझ्या बायकोचा, नम्रताचा. देवळांची आवड तिला कधीपासून, कोण जाणे. पण आठवडाभर घरात नुसती कटकट चालली होती, म्हणून मीही निघालो.

तिथं शेळ्या चारणारी एक बाई आमच्या मागेच लागली. आम्ही नंदीपाशी थांबलो की ती थांबायची, गाभाऱ्याकडे वळलो की ती दारात हजर. नजर सारखी नम्रताच्या खांद्यावरच्या बॅगेवर.

शेवटी मी वैतागलो. “मावशी, संशय कसला घेताय? इथला खडासुद्धा उचललेला नाही आम्ही.”

“नेनाऱ्यांचं भ्या नाय रं दादा,” ती म्हणाली. “फुटका देव घरात ठेवत नाय, कचऱ्यात टाकवत नाय, म्हनून शेरातली मान्सं तो गुपचूप हितं आनून ठेवतात. मंग निस्तरायचं आमी.”

“हे घ्या, बघा!” म्हणत मी नम्रताची बॅग ओढली. ती सोडेना.

“राहू दे ना रे. कशाला त्यांच्या नादी लागतोस?”

मी चेन उघडलीच. आत टॉवेलात गुंडाळलेला आईचा संगमरवरी बाळकृष्ण होता. हात तुटलेला, चांदीचा मुकुट मात्र डोक्यावर तसाच.

त्याच मुकुटासाठी सोमवारी, धुणीभांडी करणाऱ्या वनिताताईंची पिशवी मी भर जिन्यात उलटी केली होती.