एकेचाळिसावा टेक

रेकॉर्डिंगचा एकेचाळिसावा टेकही बिनचूक निघाला. गेल्या वर्षी वारलेल्या ढोलकीवादक बापूंच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून शिकलेल्या यंत्रानं त्यांचं वादन हुबेहूब उतरवलं आणि बापूंच्याच आवाजात विचारलं, "अजून एकदा घेऊ का, पोरी?"

निशिगंधा पार कंटाळली होती. बीट्स बसले होते, जुन्या आवाजांचे सॅम्पल लागले होते, पण अल्बमचं शेवटचं गाणं काही संपेना. बापू असताना तिसऱ्याच टेकला ढोलकी खाली ठेवायचे. "पुरे, हात भरून आले," म्हणायचे, की गाणं झालं. या यंत्राला हातच नव्हते.

तिनं ते बंद केलं. बापूंची ढोलकी गवसणीतून काढली, कड्या आवळल्या आणि चुकतमाकत वाजवत राहिली. दिवेलागणीला तिच्याच तोंडून निघालं, "पुरे बापू, हात भरून आले."