सासूबाईंच्या अल्बममध्ये

शालनच्या नवऱ्याने सगळे जुने-नवे फोटो फोनमध्ये भरले. फोन चेहरे ओळखून प्रत्येकाचा अल्बम करू लागला आणि मध्येच अडला: 'दोन्ही चेहरे एकाच व्यक्तीचे?' एक होता शालनचा, दुसरा वर्षापूर्वी गेलेल्या तिच्या सासूबाईंचा.

"डोळे फुटले का मेल्याचे?" शालन उसळली. "आमटीतल्या गुळावरून जन्मभर भांडले मी त्यांच्याशी. त्यांना गोड हवी, मला तिखट. अहो, 'नाही' दाबा. मला वेगळं काढा."

नवऱ्याने निमूटपणे 'नाही' दाबलं. शालनच्या जिवाला थंडावा मिळाला.

दुपारी आमटी भुरकून तो म्हणाला, "आज गूळ जास्त झालाय गं."

"एवढा लागतोच आमटीला!" कमरेवर हात ठेवून, भुवया चढवून शालन कडाडली. त्याने गंमत म्हणून हळूच तिचा फोटो काढला. फोनने या वेळी विचारलंसुद्धा नाही. फोटो थेट सासूबाईंच्या अल्बममध्ये जाऊन बसला.

"काढू का तिथून?" त्याने भीतभीत विचारलं.

शालनने फोन हातात घेऊन तो फोटो नीट पाहिला. "असू द्या. तिकडे एकट्याच आहेत त्या. भांडायला कुणीतरी हवंच की."