पिवळा बोळा
रस्त्यालगतच्या कड्यावर काँक्रीट फवारताना खडकातलं पाणी काढणाऱ्या नळ्यांची तोंडं चिंध्यांनी बुजवायची आणि काँक्रीट सुकलं की बोळे काढून फेकायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. यंदा चिंध्यांचं गाठोडं बायकोनं दिलं होतं. महिन्यापूर्वी गेलेल्या लेकीचे फ्रॉक. "घेऊन जा. बघवत नाहीत मला." आज भर पावसात मुकादम ओरडला, "अरे, सगळ्या नळ्या वाहतायत, ही एकच कोरडी कशी? पाणी तुंबलं तर अख्खी भिंत रस्त्यावर येईल!" कशी ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तिच्या लाडक्या पिवळ्या फ्रॉकचा बोळा नळीतून काढून फेकायला त्याचा हात धजला नव्हता. तो शिडी चढला. बोळा ओढताच गढूळ धार छातीवर आदळली. संध्याकाळी खिशातली चिंधी बायकोनं ओळखली. तिनं ती धुतली, पिळली आणि दोन चिमटे लावून वाळत घातली.